वळणावर झुकणारी माणसं

मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. शेतातला नव्हे, बागेतला. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, कारण ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर माणसाएवढी चाकं आणि मागे उडणारा धुरळा येतो, आणि मग मला पाहिलं की तुम्हाला हसू येतं. हसा खुशाल. माझी पुढची चाकं तुमच्या गुडघ्यालाही लागत नाहीत. पण रोपांच्या दोन ओळींमधून एकाही फांदीला धक्का न लावता जाणं त्या थोराडांच्या बापाला जमायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आधी मी नव्हतोच, नुसते सुटे भाग होते. मग एक्सल आला. एक्सल म्हणजे पुढच्या दोन चाकांना धरून ठेवणारा आडवा लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक असतं आणि त्या भोकात एकेक जाड पिन बसते. चालवणाऱ्याने स्टिअरिंग फिरवलं की चाकं या पिनांभोवती वळतात. एक्सलवर सांगाडा चढला, सांगाड्यावर इंजिन चढलं, शेवटी लाल रंग लागला आणि मी झालो. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली होती. नंतर तो आवाज मला फार आवडू लागला, इतका की लोक त्याला कटकट म्हणतात हे कळल्यावर मी कितीतरी दिवस रुसून होतो.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. येणारा-जाणारा माझ्या टायरला लाथ मारून बघायचा. यातून माणसांना नेमकं काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही. एका दुपारी मात्र एक माणूस मातीने भरलेल्या चपला दाराबाहेर काढून आत आला. त्याने लाथ मारली नाही. तो खाली वाकला, जवळजवळ आडवा झाला आणि माझं पोट बघू लागला. मग उठून म्हणाला, "हा घेतो."

ते बाबा. घरातले, गिऱ्हाइकं, रस्त्याने जाणारे, सगळे त्यांना बाबाच म्हणत. त्यांची रोपवाटिका होती. एका उतारावर वरच्या अंगाला घर, घराच्या स्वयंपाकघराला लागून माझी शेड, आणि खाली हौदापर्यंत गुलाबांची, लिंबांची, डाळिंबांची रोपं. मधून एक वाट उतरत जाई आणि हौदापाशी उजवीकडे वळे. त्या वळणाच्या डाव्या अंगाला हौदाची दगडी भिंत. ट्रॉलीत कुंड्या भरून मी दिवसातून कितीतरी वेळा त्या वळणावरून जात असे. सकाळी गवत कापायचं, मग माती वाहायची, मग पाण्याची पिंपं, मग गिऱ्हाइकांची रोपं फाटकापर्यंत. बाबांनी मला कधी उन्हात ठेवलं नाही. संध्याकाळी ते स्वतःच्या जुन्या सदऱ्याने मला पुसायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे घरातली आई, खिडकीतून म्हणायची, "माझी भांडी कधी एवढ्या प्रेमाने पुसली नाहीत." बाबा ऐकलं न ऐकलंसं करत. मला घरात सगळे बुटक्या म्हणत. मला ते नाव आवडतं.

आता या घराची एक रीत सांगतो, कारण तिच्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही.

या घरात बिघडलेलं काही फेकून देत नसत. ही चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्तही करत नसत. त्याची सवय करून घेत. स्वयंपाकघराचं दार गुडघ्याने उचलल्याशिवाय लागत नसे, म्हणून सगळे ते गुडघ्याने उचलत. नळ बंद केल्यावर त्याच्या डोक्यावर एक थाप द्यावी लागे. टेबलाचा एक पाय आखूड होता, तर टेबल पुसताना दुसऱ्या हाताने ते दाबून धरायचं. स्वतः बाबांचा गुडघा दुखे, म्हणून ते पायऱ्या चढताना मध्येच थांबत आणि बागेकडे बघत उभे राहत. पाहुण्यांना वाटे, किती रसिक माणूस आहे. कुणी काही विचारलंच तर उत्तर ठरलेलं असे: "त्याची सवयच आहे हो तशी." दाराची सवय, नळाची सवय. कुणाचंच काही दुखत नसे, कशाचंच काही झिजत नसे, प्रत्येकाची आपापली सवय असे.

माझ्याही सवयी होत्या. चोक पूर्ण ओढायचा नाही, अर्धाच ओढायचा. दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबायचं. सुरू होत नसलो तर बॅटरीच्या तारेला हलकी टिचकी मारायची. बाबा हे सगळं पाहुण्यांना कौतुकाने सांगत. मलाही बरं वाटायचं. आपल्याला कुणीतरी इतकं ओळखतं, याहून मोठं सुख यंत्राला काय असणार?

माझ्या डाव्या पिनेची झीज मात्र कुणाच्या कौतुकात आली नाही. ती फार हळू झाली. पिन आणि भोक यांच्यामध्ये आधी केसाएवढी जागा झाली, मग नखाएवढी. उतारावरून भरलेली ट्रॉली मागून ढकलत असली, आणि हौदापाशी उजवीकडे वळायचं असलं, की माझं डावं चाक वळायला कांकू करायचं आणि मला भिंतीकडे ओढायचं. बाबांच्या डोक्याला हे कळण्याआधी त्यांच्या अंगाला कळलं. वळण आलं की ते उजवीकडे झुकू लागले. त्यांचा भार उजवीकडे गेला की माझं डावं चाक हलकं होई आणि मुकाट्याने वळे. आधी ते थोडेसे झुकत, पुढे चांगलेच झुकू लागले. फाटकातून बघणाऱ्या गिऱ्हाइकांना ती त्यांची ऐट वाटे.

पुढे बाबांच्या गुडघ्याने फारच त्रास द्यायला सुरुवात केली आणि मला त्यांचा मुलगा चालवू लागला. तो लहानपणापासून ट्रॉलीत बसून बाबांची पाठ बघत आला होता. तोही वळणावर उजवीकडे झुकू लागला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाप झुकतो म्हणून तो झुकला, आणि झुकल्यावर गाडी नीट वळली, म्हणून झुकतच राहिला.

मुलगा मनाने चांगला, पण ग्रीसचा पंप एकदा खिळ्याला टांगला तो टांगलेलाच राहिला. सदऱ्याने पुसणंही हळूहळू बंद झालं. त्याला दुसरी शंभर कामं होती, त्याला दोष देत नाही. पण कोरडी पिन फार लवकर झिजते.

अधूनमधून मिस्त्री येत. ते गावातल्या सगळ्या पंपांचे, यंत्रांचे डॉक्टर. त्यांनी पहिल्यांदा पिन काढली तेव्हाच सांगितलं होतं.

"बाबा, नुसती पिन झिजलेली नाही. एक्सलचं भोकच लंबगोल झालंय. एक्सल बदलू या. बाजारात मिळतो अजून."

"मूळचा आहे हो तो," बाबा म्हणाले. "कारखान्यातनं आलेला. याचा एकही भाग मी बदललेला नाही. तुम्ही पिन भरून द्या."

"भरून देतो. पण किती वेळा भरायची?"

"जेवढ्या वेळा झिजेल तेवढ्या वेळा."

मिस्त्री हसले, बाबाही हसले. मिस्त्रींनी पिनेवर वेल्डिंगचा थर चढवला, तो घासून गोल केला, आणि लंबगोल भोकात पिन सैल पडू नये म्हणून बाजूला पत्र्याची एक पट्टी सरकवली. असं आणखीही काही वेळा झालं. दरवेळी पट्टी थोडी जाड झाली. तेव्हा मला बाबांचा फार अभिमान वाटला होता. माझा मूळचा भाग टिकवण्यासाठी हा माणूस इतका हट्ट करतो, असं मी मनात म्हणे.

मग घरात सून आली.

ती डावखुरी होती. गुलाबाला डोळा भरण्याचं काम तिच्याइतकं सुरेख मी कुणाचं पाहिलेलं नाही. डोळा भरणं म्हणजे एका झाडाच्या फांदीवरचा कोंब सालीसकट अलगद काढायचा, दुसऱ्या झाडाच्या सालीला चीर देऊन तो आत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. कोंब नखाएवढा असतो. मनगट जरा जरी चुकलं तरी तो मरतो. तिच्या डाव्या हातातली सुरी फिरायची ती कळायचीसुद्धा नाही, आणि तिने भरलेले डोळे सहसा फुकट जात नसत. गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, "सूनबाईंच्या हातचे गुलाब आहेत का?" बाबांनी आयुष्यभर हेच काम केलं होतं, पण एक दिवस त्यांनी आपली सुरी पुसून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता ही तुझी." त्या संध्याकाळी ते घरात कुणाशी फारसं बोलले नाहीत, पण खूश दिसत होते.

सुनेला घराच्या सगळ्या सवयी शिकवण्यात आल्या. दार, नळ, टेबल. ती हसत हसत शिकली. "या घरात येण्याआधी परीक्षा ठेवायला हवी होती," असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "तू पहिली आली असतीस."

आणि एके दिवशी तिने मला चालवायचं ठरवलं. बाबांना कोण आनंद झाला. गुडघा दुखत असूनही ते काठी टेकत शेडमध्ये आले आणि त्यांनी तिला माझी एकेक खोड सांगितली.

"चोक अर्धाच. पूर्ण ओढलास तर रुसतो."

"बरं."

"दुसऱ्या गिअरला थांबायचं. एक श्वास घ्यायचा आणि मग टाकायचा."

"बरं. आणि नाहीच सुरू झाला तर?"

"तर इथे टिचकी. जोरात नको, लाज वाटते त्याला."

ती मनापासून हसली. बाबांनी सगळं सांगितलं. खरोखर सगळं सांगितलं, मित्रांनो, जेवढं त्यांना ठाऊक होतं तेवढं.

सपाटीवर आम्ही दोघं उत्तम फिरलो. तिचा हात हलका होता, मला मजा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रॉलीत कुंड्या भरल्या आणि आम्ही उतरू लागलो. ती पाठ ताठ ठेवून सरळ बसली होती, जसं कुणीही शहाणं माणूस बसतं. हौद जवळ आला. ट्रॉली मागून ढकलत होती. तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. उजवं चाक वळलं. डावं वळलं नाही. पट्टी निसटली, पिन भोकात तिरपी झाली आणि चाक बाहेरच्या अंगाला दुमडलं.

मी ओरडू शकत नाही. माझ्याकडे एक हॉर्न आहे, तो दुसऱ्याने दाबावा लागतो. मी भिंतीकडे घसरत गेलो. तिने स्वतःला सावरायला डावा हात पुढे केला आणि तो माझ्या मडगार्डच्या आणि हौदाच्या दगडांच्या मध्ये सापडला.

तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

घरातले सगळे धावत आले. मुलाने मला ढकलून बाजूला केलं आणि तिला उचललं. त्यानंतर किती तरी वेळ माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. फुटलेल्या कुंड्यांची माती हौदापाशी तशीच पडून होती. पुढे दोघाचौघांनी मला ओढत अंगणात आणून सोडलं. दुमडलेल्या चाकामुळे मी एका बाजूला कलून उभा होतो. मला तेव्हा कुणी पेटवून दिलं असतं तरी मी हरकत घेतली नसती.

ती मनगटाला प्लास्टर घालून परत आली, त्याच सकाळी मिस्त्रींनाही बोलावलं होतं. सगळे अंगणात जमले. बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"याला भंगारात द्या," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर नको."

"नवाच घेऊ बाबा," मुलगा म्हणाला. मग बायकोकडे वळून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "वळणावर अंग उजवीकडे टाकलं होतंस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं." आणि तो उभ्या उभ्या उजवीकडे झुकला. त्याच्या शेजारी काठी टेकून उभे असलेले बाबाही, त्यांच्या नकळत, उजवीकडे झुकले. बापलेक अंगणात एका बाजूला कललेले, आणि त्यांच्याखाली ट्रॅक्टर नाही.

"हे मला कुणी सांगितलं नाही," सून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "दार सांगितलंत, नळ सांगितलात, चोक सांगितलात. ते सगळं मी केलं. हे नाही सांगितलं."

बाबा हळूहळू सरळ झाले. मग पायरीवर बसले.

"मला तरी कुठे माहीत होतं," ते म्हणाले. "मी झुकतो, हे मलाच माहीत नव्हतं गं."

माझ्या खालून मिस्त्री बाहेर आले. त्यांच्या तळहातावर ती पिन होती आणि चपटी झालेली पट्टी. त्यांनी त्या दोन्ही वस्तू बाबांच्या शेजारी पायरीवर ठेवल्या. बराच वेळ बाबा त्यांच्याकडे बघत बसले.

"भंगारातच द्या," ते पुन्हा म्हणाले.

"देऊन काय होणार आहे बाबा?" सून म्हणाली. "नवा येईल. तोही एक दिवस झिजेल. आणि त्याच्याबरोबर कसं झुकायचं ते आपण पुन्हा शिकू."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"एकेक भाग काढून बघायचा. दुरुस्त होतो तो करायचा, होत नाही तो बदलायचा. आणि तोपर्यंत याच्यावर कुणी बसायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बाबांशी त्या घरात असं कुणी बोलत नसे. पण तिचा हात गळ्यात बांधलेला होता, आणि तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

अंगणात गोणपाट अंथरलं गेलं. मिस्त्री माझा एकेक भाग काढू लागले आणि त्यावर मांडू लागले. माणसाला स्वतःची हाडं अशी मांडलेली बघावी लागत नाहीत, हे त्याचं नशीब. सुरुवातीला प्रत्येक भागावरून वाद झाला. मुलगा म्हणे बदला, बाबा सवयीने म्हणत, "होईल की दुरुस्त." शेवटी आई कंटाळली. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिने भाजी निवडता निवडता आपल्याला कळेल असा प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"हे मोडलं तर काय होईल?"

"सायलेन्सर आहे आई. आवाज वाढेल."

"मग दुरुस्त करा. आणि हे?"

"सीट. बसायला टोचेल."

"ते मी शिवते. आणि हे?"

"ब्रेकचं लायनिंग," मिस्त्री म्हणाले. "पार गुळगुळीत झालंय. थांबायचा नाही."

"म्हणजे माणूस पडेल?"

"पडेल."

"मग त्यात दुरुस्ती कसली करता? नवं आणा."

अशा रीतीने गोणपाटावर दोन ढीग झाले. ज्यांच्यामुळे काम अडेल ते एका बाजूला. ज्यांच्यामुळे माणूस पडेल ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात खूप काही होतं: सायलेन्सर, मडगार्ड, सीट, बॅटरीची तार, कापलेलं गवत गोळा करायची पेटी. ते सारं जोडून, ठोकून, शिवून पुन्हा कामाला लागणार होतं. दुसऱ्या ढिगात ब्रेकचं लायनिंग आणि स्टिअरिंगचा खिळखिळा झालेला सांधा. शेवटी एक्सल उरला. आईने त्याच्याबद्दल प्रश्न विचारला नाही.

बाबा उठले. त्यांनी एक्सल स्वतः उचलला. तो जड होता, त्यांचा गुडघा थरथरत होता, पण मुलगा पुढे झाला तर त्यांनी त्याला मानेने नको म्हटलं.

"मूळचा होता," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं, ते आता त्याला शेडमध्ये कुठेतरी टांगून ठेवतील आणि आल्यागेल्याला दाखवतील. त्यांनी तो फाटकापर्यंत नेला आणि भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या मोडक्या पत्र्यांवर टाकला. परत येताना ते पायऱ्यांवर थांबले. या वेळी त्यांनी बागेकडे बघितलं नाही, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला.

मला वाईट वाटलं. माझ्या जन्माच्या वेळी सगळ्यात आधी आलेला तो भाग होता, त्याच्यावरच मी उभा राहिलो होतो. पण आपल्या मूळच्या भागाचा अभिमान मला त्या दिवसानंतर कधी वाटला नाही.

नवा एक्सल लाकडी खोक्यातून आला, कागदात गुंडाळलेला, तेलाचा वास येणारा. मिस्त्रींनी तो बसवला, भोकात पिन बसवली आणि सगळ्यांदेखत चाक हलवून दाखवलं. चाक तसूभरही डुगडुगलं नाही. पत्र्याची पट्टी कुणी मागितली नाही. मुलाने ग्रीसचा पंप जुन्या खिळ्यावरून काढला आणि आईच्या खिडकीसमोर टांगला. चार दिवस पंप जागचा हलला नाही की आई आता खिडकीतून विचारते, आणि तिच्या विचारण्याला सगळे घाबरतात.

मी पुन्हा उभा राहिलो. तिचं प्लास्टरही निघालं.

मित्रांनो, माझा भाग खोक्यातून आला. तिच्या मनगटाचा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही. डॉक्टरांनी होईल तेवढं केलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. पहिल्याच दिवशी ती सुरी घेऊन गुलाबांपाशी बसली. कोंब सालीतून निसटला. दुसरा काढला, त्याची साल फाटली. तिसरा तिने काढलाच नाही. सुरी मिटून ती नुसती बसून राहिली. बाबा शेडच्या दाराशी उभे होते. ते तिच्याजवळ गेले नाहीत, त्यांना जाववलं नाही. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे बाबा पुन्हा सुरी धरू लागले. ती शेजारी बसून कोंब निवडते, चीर कुठे द्यायची ते दाखवते, पट्टी बांधते. दोघांचा मिळून एक हात चालतो. गिऱ्हाइकं अजून सूनबाईंच्या हातचे गुलाब मागतात, आणि बाबा म्हणतात, "तिच्याच हातचे आहेत."

मग एका सकाळी ती शेडमध्ये आली आणि माझ्यावर बसली. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. ट्रॉलीत कुंड्या भरलेल्या होत्या. बाबा काठी टेकत शेजारून चालू लागले. आम्ही हळूहळू उतरलो. हौद दिसू लागला तसे तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. ते मला जाणवलं.

"काय करू बाबा?" तिने विचारलं.

बाबांचं अंग उजवीकडे जाऊ लागलं होतं. त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि स्वतःला सावरलं.

"काही करू नकोस," ते म्हणाले. "सरळ बस."

ती सरळ बसली. तिने स्टिअरिंग फिरवलं आणि माझी दोन्ही चाकं एकत्र वळली. भिंत डावीकडून मागे गेली. इतकं सोपं होतं ते. इतकी वर्षं ते इतकं सोपं असायला हवं होतं.

वळणापलीकडे ती थांबली. डावा हात स्टिअरिंगवरून काढून तिने हळूच मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला. बाबांनी ते पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही हो. सवय झाली आता."

बाबांनी हात पुढे करून माझी किल्ली फिरवली. मी बंद पडलो. हौदापाशी अगदी शांत झालं.

"सवय करून घेऊ नकोस," ते म्हणाले. "दुखतंय का ते सांग."

ती बराच वेळ काही बोलली नाही. बाबाही थांबले. गुडघा त्यांना उभं राहू देत नव्हता, तरी तिथून हलले नाहीत.

"दुखतंय बाबा," ती म्हणाली. "रोज दुखतं. रात्री तर फार."

"चल. डॉक्टरांकडे जाऊ."

"आणि या कुंड्या?"

"राहू देत."

ती उतरली. दोघं चढ चढून घराकडे गेले, तिच्या आधाराने ते आणि त्यांच्या आधाराने ती. मी भरलेली ट्रॉली घेऊन दिवसभर तिथेच उभा राहिलो. कामाच्या वेळी मला असं सोडून कुणी गेलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही.

तिचा हात पूर्ण बरा झाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. औषधाने, व्यायामाने दुखणं कमी झालं आहे. सुरी अजून बाबांकडेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याला फेकण्याची घाई करू नका. त्याचे भाग काढून बघा, पुसा, जोडा, शिवा. पण जो भाग माणसाला सांभाळतो, तो झिजला असेल तर त्याच्या प्रेमात पडू नका, तो बदला. ते यंत्र तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही, कारण आम्हाला बोलता येत नाही.

तुमच्या घरातल्या माणसांना बोलता येतं, तरीही ती बोलत नाहीत. म्हणून त्यांना विचारावं लागतं. विचारून लगेच निघून जाऊ नका. पहिल्यांदा ती नाही म्हणतील. जरा थांबा.